बाबांनी पास केलेली पलटण

अमेरिकेत घर घेतलं की गराज मिळतं आणि गराज मिळालं की त्यात नको त्या वस्तू साठतात, हे मी सांगायला नको. आमच्या ईडन प्रेरीच्या गराजमध्ये मात्र वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठले. एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर पडतात! पाहुणे म्हणतात, "वैशाली, अगं जेवण गार होतंय." होऊ दे. मायक्रोवेव्ह कशाला घेतलाय?

किस्से सगळे एकाच पलटणीचे. पलटण रोमन. हो, दोन हजार वर्षांपूर्वीची ती रोमन! माणसं अठरा, आणि त्या अठरांत एक आमचा नवरा.

* * *

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात एका शनिवारी मंदार घरी आला तो गुडघ्यापर्यंतचा लाल लोकरी झगा घालून. बाहेर बर्फ. मी दारातच विचारलं, "पँट कुठाय?"

"रोमन सैनिक पँट घालत नव्हते."

"रोमन सैनिक मिनेसोटात राहत नव्हते!"

ही सगळी करणी डेलची. डेल म्हणजे मंदारच्या ऑफिसातला शेजारच्या क्यूबमधला, साठीला आलेला मेनफ्रेमवाला. आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. शनिवारी मात्र स्वतःच्या गराजमध्ये तो सेंच्युरियन व्हायचा, म्हणजे पलटणीचा नाईक, आणि मग बोलायचा थांबायचा नाही. हौशी लोकांचा क्लब होता त्याचा. रोमन सैनिकांसारखे कपडे आणि हत्यारं करायची आणि शाळा-कॉलेजात जाऊन दाखवायची.

मला वाटायचं, सैनिक म्हटला की सगळं सरकारी खर्चानं. डेल म्हणाला, "छे! रोमन सैनिकाला पगार वर्षातून तीनदा. आणि तो हातात पडायच्या आधीच कापून घ्यायचे. बुटांचे इतके, कपड्यांचे इतके, जेवणाचे इतके, हत्यारांचे इतके."

मंदार एकदम खूश. "म्हणजे अगदी माझ्या पे-स्लिपसारखं!"

* * *

डेलनं पलटणीत तोच कायदा लावला होता. तासभर काम केलं की एक पितळी बिल्ला. गराजमध्ये एक मोठी लाकडी पेटी होती, त्यात ढाली, तलवारी, हेल्मेटं. जे हवं ते बिल्ल्यांनी विकत घ्यायचं. डॉलर चालायचे नाहीत. एकाचे बिल्ले दुसऱ्याला द्यायचे नाहीत. आणि स्वतःच्या कमाईची प्रत्येक वस्तू अंगावर असल्याशिवाय रांगेत उभं राहायचं नाही.

खऱ्या रोमनांना म्हणे वस्तू आधी मिळायची आणि मग पगारातून कापायचे. डेलनंही सुरुवातीला उधारी ठेवली होती. पण एका पठ्ठ्यानं तलवार घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो टेक्सासला शिफ्ट झाला. तेव्हापासून उधार बंद!

मंदारनं अख्खा हिवाळा टीव्हीसमोर बसून चिलखताच्या कड्या ओवल्या. सोफ्यात कड्या, कार्पेटमध्ये कड्या, एकदा तर पोह्यांत कडी. दाताखाली आली तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मार्चमध्ये पगार झाला. हा उड्या मारत घरी आला.

"काय मिळालं?" मी विचारलं.

त्यानं खिशातून एक लोकरी मोजा काढला. रोमन सैनिक मोजे घालायचे, डेलकडे पुरावा होता.

"आणि दुसरा?"

"दुसरा जुलैच्या पगारात."

* * *

दोन हजार चारच्या मेमध्ये माझे सासरे आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नागपुरात अडकल्या होत्या, म्हणून बाबा एकटेच. बाबा म्हणजे गोविंद पाठक. नागपूरजवळच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात काढलेली. माल बनवणारे वेगळे. तो बघून 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणणारे हे.

इथे आल्यावर पहिले चार दिवस त्यांनी टीव्ही पाहिला. पाचव्या दिवशी आमच्या डेकवरून फिरून आले आणि म्हणाले, "अकरा स्क्रू ढिले आहेत." सहाव्या दिवशी शेजाऱ्यांच्या डेककडे बघायला लागले, तेव्हा मी मंदारला म्हटलं, "यांना कुठंतरी ने रे बाबा, नाहीतर कोणीतरी पोलीस बोलवेल!"

मंदार त्यांना शनिवारी डेलकडे घेऊन गेला. मीही गेले, कारण घरी बसून कड्या वेचण्यापेक्षा ते बरं. बाबा खुर्चीत हाताची घडी घालून बसले. डेलनं आदरानं स्वतः घडवलेली तलवार त्यांच्या हातात दिली. बाबांनी चष्मा पुसला. पातं उजेडात धरलं. मूठ कानाशी नेऊन हलवली. गराजमध्ये सगळे बघत होते. बाबा आपल्या नागपुरी इंग्लिशमध्ये म्हणाले, "हू पास्ड धिस?"

डेल म्हणाला, "मी."

"सॉरी. रिजेक्टेड."

मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं! इतक्यात डेलनं ती तलवार परत घेतली, मूठ आपल्या कानाशी हलवली, आणि हळूच आवाज आला. खुट्.

* * *

त्याच दिवशी डेलनं बाबांना नोकरी दिली. रोमन पलटणीत म्हणे हत्यारं सांभाळणारा एक खास माणूस असायचा. आमच्यात ती जागा रिकामीच होती.

मंदार घाबरला. "डेल, बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत. काम करता येत नाही!"

"रोमन लोक सोशल सिक्युरिटी नंबर विचारत नसत," डेल म्हणाला.

बाबा सप्टेंबरात परत जाणार, म्हणून त्यांना पगाराची वाट न बघता बिल्ले लगेच द्यायचे, पण कशाचे किती ते ठरायला लागलं. डेल म्हणाला, तपासलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक. बाबा म्हणाले, "नाही. पास झालेल्या वस्तूमागे एक. रिजेक्ट केलेल्याचं काही नको. खराब वस्तू परत पाठवून काही तयार होत नाही. ती सुधारून आणली, पास झाली, की मग द्या."

डेल हुशार माणूस. तो हसला. "पण सर, मग बिल्ल्यासाठी तुम्ही वाईट वस्तूही पास कराल. तुम्हाला अडवणार कोण?"

बाबा म्हणाले, "मी."

* * *

बाबांच्या राज्यात पलटणीचे हाल झाले. ज्या ढाली तीन वर्षं मिरवल्या त्या एका आठवड्यात बाद! खडूची फुली मारायचे बाबा. लोक ढाल घेऊन रांगेत उभे राहायचे ते दहावीच्या निकालाला उभं राहिल्यासारखे. मंदारचं चिलखत तर चार वेळा रिजेक्ट झालं. पोटचा मुलगा म्हणून सूट नाहीच, उलट जास्त वेळ तपासायचे.

"बाबा, दोन कड्या उघड्या आहेत फक्त. वीस हजारांत दोन!"

"बाण कुठल्या दोनांत शिरायचा ते तुला विचारून शिरणार आहे का?"

आणि गंमत सांगू? कोणी चिडलं नाही. पलटणीत शेली नावाची एक शाळेतली नर्स होती, तिनं आपली ढाल तिसऱ्या खेपेला पास झाली तेव्हा गराजमध्ये चक्क नाच केला. सगळ्यांना कळलं होतं की या म्हाताऱ्यानं 'पास' म्हटलं की ते पास असतं. मी मेली इतके दिवस नाकं मुरडत होते. पण त्या दिवशी शेलीनं मला विचारलं, "ही इज युअर फादर?" तर मी "फादर-इन-लॉ" म्हणायच्या ऐवजी सरळ "येस" म्हणून टाकलं.

* * *

जुलैत एक पार्सल आलं. क्लबनं कॅटलॉगमधून रोमन पट्ट्यांच्या पितळी बकला मागवल्या होत्या. डेलनं खोका उघडला, आणि प्रत्येक बकलेच्या मागे स्टिकर: मेड इन इंडिया! सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. मंदारची छाती अशी फुगली की झग्याची शिवण उसवली.

बाबांनी एक बकल उचलली. नखानं खरवडली. अंगठ्यानं तिची जीभ दाबली, ती वाकली. बाबांचा चेहरा उतरला. इतके दिवस त्यांनी अमेरिकन माल रिजेक्ट केला तेव्हा चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

घरी येऊन ते डायनिंग टेबलावर पत्र लिहायला बसले. इंग्लिशमध्ये, सरकारी थाटात. "विषय: बकल, रोमन, नग चोवीस, नामंजूर करणेबाबत." खाली दोषांची यादी, आकृत्यांसकट. शेवटी एकच वाक्य साधं होतं. "आपला माल परदेशात उघडला जातो तेव्हा शेजारी आपलाच माणूस उभा असतो, याचा विचार व्हावा."

मी म्हटलं, "बाबा, असल्या पत्रांना कोण उत्तर देतंय!"

महिन्याभरानं खोका आला. नव्या चोवीस बकला, बिनपैशांच्या. सोबत हिंदीत चिठ्ठी. 'आदरणीय साहेब, कारखाना माझा आहे, पण हे काम वडिलांनी शिकवलं. ते आता काम करत नाहीत. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर उठून बसले. या चोवीस त्यांनी स्वतः केल्या आहेत.'

बाबांनी चोवीसच्या चोवीस तपासल्या. एकही फुली नाही. ती चिठ्ठी त्यांनी पासपोर्टात ठेवली.

* * *

आता त्यातलीच एक बकल बाबांनी स्वतःच्या बिल्ल्यांनी घेतली. पट्टाही घेतला. रोमन सैनिक वस्तूवर आपलं नाव ठोकायचे, ठिपक्या-ठिपक्यांनी. तो गेला की वस्तू दुसऱ्याकडे जायची, मग त्याचंही नाव खाली. आमच्या पलटणीत सगळे लॅटिन अक्षरांत ठोकायचे. बाबांनी खिळा-हातोडी घेतली आणि पितळी पट्टीवर देवनागरीत ठोकलं: गो. वि. पाठक.

त्याच आठवड्यात एका कॉलेजातले प्राध्यापक पलटण बघायला आले. सप्टेंबरात त्यांच्या मैदानावर मोठा कार्यक्रम होता, त्याआधी सगळं खरं वाटतंय ना ते पाहायला. प्रत्येकाचा पट्टा बघत बघत बाबांपाशी आले. वाकले. भिंग काढलं. दोन मिनिटं अक्षर न् अक्षर न्याहाळलं. मग म्हणाले, "फॅसिनेटिंग! ही पूर्वेकडच्या तुकड्यांची लिपी का? सीरियाच्या बाजूची?"

बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "मोअर ईस्ट, सर. नागपूर."

* * *

बाबा पट्टा का घेतायत, हे मला त्या रात्री जेवताना कळलं. ताटातली भाजी चिवडत म्हणाले, "त्या सप्टेंबरच्या कार्यक्रमात मीही रांगेत उभा राहीन म्हणतो."

मंदार म्हणाला, "बाबा, गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. मला माहीत आहेत."

मग त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी ते लष्कराच्या भरतीला गेले होते. छाती अर्धा इंच कमी भरली. परत पाठवलं. नंतर चौतीस वर्षं जवानांकडे जाणारा माल पास केला, पण जवानाच्या रांगेत काही उभं राहता आलं नाही. मी म्हटलं, "अर्ध्या इंचासाठी? एवढं काय ते!"

बाबा म्हणाले, "नाही, तपासणाऱ्याचं बरोबर होतं. कमीच होती."

मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मंदारनं तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून क्रेडिट कार्डावर अख्खा रोमन पोशाख मागवला, हेल्मेटसकट, तीन दिवसांत घरपोच! बाबांनी खोका उघडलाही नाही. "परत कर. पोराच्या पैशानं सैनिक होत नसतात." आणि शनिवारी पुन्हा खडू घेऊन गराजमध्ये हजर.

अंगरखा झाला. खिळ्यांच्या चपला झाल्या. ढाल, तलवार, चिलखत झालं. राहिलं हेल्मेट. ते सगळ्यांत महाग, आणि बाबांचं परतीचं तिकीट कार्यक्रमाच्या सोमवारचं. मध्ये एक शनिवार तापात गेला. डेलनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पाच-सहा बिल्ले मी चुकून जास्त दिले तर त्यांना कळेल का?"

मी म्हटलं, "डेल, त्यांनी आमच्या डेकचे स्क्रू मोजले आहेत!"

* * *

आणि मग तो शनिवार. कॉलेजचं हिरवंगार मैदान, दोरीच्या पलीकडे ही गर्दी, शाळांच्या पिवळ्या बसेस. मी एका कोपऱ्यात चूल मांडून माझ्या नागपूरच्या कढईत मसूर शिजवत होते, रोमन जेवण दाखवायला. हिंग कोणाला न सांगता घातला होता.

नियम असा की मैदानात जाणारी, वापरातली प्रत्येक वस्तू त्या सकाळी पुन्हा तपासून घ्यायची; पेटीतल्या न वापरलेल्या तेवढ्या सोडून. बाबा अंगरखा, चिलखत, पट्टा असं सगळं चढवून, उघड्या डोक्यानं पेटीपाशी बसले. पास झालेल्या वस्तूचा बिल्ला लगेच हातात. हिशेब सगळ्या पलटणीला पाठ होता. त्यामुळे शेवटून दुसरी वस्तू, एक ढाल, पास झाली तेव्हा सगळे पेटीभोवती जमले. बाबांच्या हेल्मेटला एकच बिल्ला कमी होता, आणि तपासायची एकच वस्तू उरली होती. डेलचं स्वतःचं हेल्मेट, लाल आडव्या तुऱ्याचं, नाइकाचं.

डेलनं ते काढून दोन्ही हातांनी पुढे केलं. तो हसत होता. सगळेच हसत होते. मंदारनं तर कॅमेरा काढला.

बाबांनी हेल्मेट फिरवलं. गालपट्टीची बिजागरी उघडली, मिटली. नखानं रिव्हेटवर, म्हणजे जोडाच्या खिळ्यावर, टिचकी मारली. पुन्हा मारली. मग खिशातून खडू काढला आणि फुली मारली.

"क्रॅक आहे. रिजेक्टेड."

रांगेपुढे उभा राहणारा नाईकच बाद! आणि बाबाही बाद, स्वतःच्या हातानं. डेलनं क्रॅक पाहिली. केसाएवढी होती. त्यानं हेल्मेट काखेत धरलं, "थँक यू, सर," म्हणाला आणि दोरीबाहेर जाऊन उभा राहिला. शेलीच्या डोळ्यांत पाणी. मंदार म्हणाला, "बाबा, एक बिल्ला! सोमवारी जाताय तुम्ही!" बाबांनी खडू खिशात ठेवला.

"नेक्स्ट," ते म्हणाले.

नेक्स्ट कोणी नव्हतंच.

माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी मसूर दुसऱ्या भांड्यात ओतले, कढई घासली, आणि तशीच ओली घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, ही राहिली. हीसुद्धा मैदानात आहे."

बाबांनी कढई घेतली. बूड बोटांनी वाजवलं. एक कान धरला, दुसरा धरला. हलवला.

"हा कान हलतोय, वैशाली. रिजेक्टेड."

सख्ख्या सुनेची कढई! मला राग आला, हसू आलं, आणि खरं सांगते, इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही वाटला नव्हता. मी कढई ओढून घेतली, प्रात्यक्षिकासाठी मांडलेल्या ऐरणीवर ठेवली आणि मंदारनं तिथून उचललेला हातोडा हिसकावला. आयुष्यात पहिल्यांदा रिव्हेट ठोकत होते. एक घाव अंगठ्यावर बसला. पलीकडे कार्यक्रमाचं शिंग वाजलं. मी ठोकतच राहिले, मग फुंकर मारून कढई पुन्हा बाबांच्या पुढ्यात ठेवली.

बाबांनी कान हलवला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. कढई उलटी करून वाजवली, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पास."

पलटणीनं जी आरोळी ठोकली ती पार्किंग लॉटपर्यंत गेली असेल! डेल दोरी ओलांडून धावत आला. त्यानं बिल्ला बाबांच्या हातात दिला, बाबांनी तो बाकीच्यांत मिळवून सगळे मोजून त्याच्या हातात परत दिले. डेलनं पेटी उघडली, हेल्मेट काढून त्यांच्यासमोर धरलं. दुसरं शिंग वाजलं. सगळी रांग उभी राहिली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

बाबांनी हेल्मेट घेतलं. चष्मा पुसला. ते उलटं करून उजेडात धरलं आणि रिव्हेटवर नखानं टिचकी मारली.

"बाबा!" मंदार ओरडला. "गेल्याच महिन्यात तुम्हीच पास केलंय ते!"

"तेव्हा घालणारा कोण ते ठाऊक नव्हतं," बाबा दुसऱ्या रिव्हेटकडे वळत म्हणाले. "आता ओळखीचा माणूस निघाला. पुन्हा बघायला हवं."